पहिली गाडी घेण्याआधी ती ढकलून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय 24, उंची 5 फूट 2 इंच. मागच्या महिन्यात आरटीओत गिअरच्या गाडीची टेस्ट पास झालात, लायसन्स हातात आलं. राहता साताऱ्यात, नोकरी वाईला, म्हणजे जाऊन-येऊन रोज साधारण 70 किलोमीटर. दीड लाख रुपये साठवलेत. बाबा म्हणतात स्कूटर घे. भाऊ म्हणतो घ्यायचीच तर रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 घे, थोडं कर्ज काढू. मैत्रिणीच्या ओळखीत केटीएमची एक जुनी ड्यूक 200 विकायला आहे. यातली कुठली घ्यावी, की चौथीच एखादी?

मी साताऱ्यात 27 वर्षं गॅरेज चालवतोय आणि बरीच वर्षं सकाळच्या वेळी मुलामुलींना गाडी शिकवतोही. त्या अनुभवावरून सांगतो. चौथीच घ्या. कुठली ते पुढे येईलच, पण आधी का ते ऐका, कारण शोरूममध्ये गेल्यावर तुम्हाला दहा जण दहा गोष्टी सांगतील आणि तिथे मी शेजारी नसेन.

आरटीओत तुम्ही आठचा आकडा काढलात, पाय टेकला नाही, पास झालात. ती गाडी बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलची स्प्लेंडर असणार. टेस्ट पास होणं म्हणजे रस्त्यावर एकटीनं शिकायची परवानगी मिळणं. खरं शिक्षण पुढच्या 5,000 किलोमीटरमध्ये होतं. त्या काळात माणूस पडतो कुठे? लोकांना वाटतं वेगात. माझ्याकडे नवशिक्यांच्या ज्या गाड्या येतात त्यांच्यावर वेगळ्याच खुणा असतात. क्लचचा लिव्हर वाकलेला, डावा इंडिकेटर तुटलेला, फूटरेस्ट आत गेलेला, सायलेन्सरवर एक लांब ओरखडा. या सगळ्या उभ्या गाडीच्या किंवा चालण्याच्या वेगातल्या पडण्याच्या खुणा. पार्किंगमधून गाडी मागे घेताना, गल्लीत यू-टर्न मारताना, सिग्नलला पाय टेकवला तिथे नेमकी वाळू असताना.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. तुमच्याच उंचीची एक मुलगी नवीकोरी क्लासिक घेऊन गॅरेजच्या दारात आली. डांबर सोडून खडीवर उतरताना तिनं हँडल डावीकडे वळवलं आणि सवयीनं पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि डावीकडे झुकली. तिचा पाय टेकला, पण नुसता चवडा, तोही गोल दगडावर. दगड सरकला. मी चार पावलांवर होतो, तरी पोचेपर्यंत गाडी म्हैस बसावी तशी सावकाश खाली बसली. तिनं हँडल सोडलं नाही, म्हणून मनगट मुरगळलं. लिव्हर बदलायला 10 मिनिटं लागली. पण ती मुलगी पुढचे 3 महिने गाडीला हात लावत नव्हती, आणि शेवटी घरच्यांनी नुकसान सोसून गाडी विकली. ती आता बसनं जाते. मला गाडीच्या ओरखड्याचं काही वाटत नाही, असा गेलेला धीर मात्र मनाला फार लागतो. म्हणून पहिल्या गाडीत मी सीसी शेवटी बघतो. आधी वजन, मग सीटची उंची, मग ब्रेक.

शोरूममध्ये गेलात की लगेच टेस्ट राइड मागू नका. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहा, दोन्ही हातांनी हँडल धरा, साइड स्टँड काढा आणि गाडी 10 पावलं पुढे ढकलत न्या. मग 10 पावलं मागे. जिथे जमिनीला किंचित चढ असेल तिथे मुद्दाम मागे ढकला, कारण पार्किंगमधून रोज तेच करायचंय. मग गाडीवर बसा आणि बसल्या बसल्या पायांनी मागे घ्या. तुम्ही ऑफिसला जे बूट किंवा सँडल घालता तेच घालून जा. दोन्ही चवडे घट्ट टेकले पाहिजेत, आणि एका बाजूला थोडं सरकल्यावर त्या पायाची टाच टेकली पाहिजे. एवढं जमलं तर उंची पुरेशी आहे. पूर्ण दोन्ही तळवे टेकायलाच हवेत असं नाही.

इथे कागदावरचे आकडे फसवतात. स्प्लेंडरच्या सीटची उंची 785 मिलिमीटर, रॉयल एनफिल्डच्याच हंटर 350 ची 790. फरक 5 मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही. पण स्प्लेंडर 112 किलोची आणि हंटर 181 किलोची. शिवाय रुंद सीटवर मांड्या फाकतात, तेवढा पाय आखूड पडतो. म्हणून आकडे घरी वाचा, निर्णय गाडीवर बसून घ्या.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल.

बाबा स्कूटर सांगतात ते चुकीचं नाही. नोकरी साताऱ्यातच असती तर मीही तेच म्हणालो असतो. पण तुमचा रस्ता हायवेचा आहे. पाचवडपर्यंत कंटेनर आणि एसट्यांच्या मधून जायचं, रोज. स्कूटरची चाकं 10 किंवा 12 इंचांची, मोटरसायकलची 17-18 इंचांची. पुलाच्या जोडावर, सर्व्हिस रोडच्या खड्ड्यात हा फरक थेट हातात जाणवतो. बाजूनं कंटेनर गेला की हवेचा जो फटका बसतो, त्यात मोठी चाकं आणि गुडघ्यांत धरलेली टाकी फार कामाला येते. मोटरसायकलवर माणूस मांडीनं गाडी पकडतो, स्कूटरवर ती सोय नाही. बाबांना हे दाखवून सांगा, पटेल त्यांना.

क्लासिक 350 ही चांगली गाडी आहे. 349 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 20 हॉर्सपॉवर, म्हणजे ती काही उधळणारी गाडी नाही. हायवेला शांत चालते. अडचण फक्त 195 किलोंची आहे, आणि ती अडचण चालत्या गाडीत नाही, थांबलेल्या गाडीत आहे. तोल जरा गेला की 112 किलोची गाडी पायानं सावरता येते. 195 किलोची एका ठरावीक कलानंतर कुणालाच सावरत नाही, माझ्यासारख्या आडव्या बांध्याच्या माणसालाही नाही. भावाला म्हणावं, दोन वर्षांनी घेऊ. तेव्हा हाफ क्लचवर गाडी तोलणं तुमच्या अंगात मुरलेलं असेल आणि मग ती गाडी तुम्हाला आनंद देईल.

ड्यूक 200 चं नाव मात्र सोडून द्या. 25 हॉर्सपॉवर, 160 किलोंच्या आसपास वजन, सीट 822 मिलिमीटर, तुमचे फक्त अंगठे टेकतील. त्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. खाली दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात हळू चालवायला गेलं की धक्के देते आणि जरा पिळलं की एकदम सुटते. आणि जुनी ड्यूक म्हणजे आधीच्या मालकानं ती कशी पळवली असेल हे कागदावर दिसत नाही.

मग 100 सीसीची स्प्लेंडर का नको? गावात आणि शेतावर तिला तोड नाही, मी स्वतः 1998 सालापासून वापरतोय. पण तुमच्या रस्त्याचा विचार करा. गाळप हंगाम सुरू झाला की भुईंजच्या कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर. संध्याकाळी ट्रॉलीला मागे दिवा असतो-नसतो. असा ट्रॅक्टर ओलांडायचा तर मागून येणाऱ्या ट्रकच्या आत ओलांडून झालं पाहिजे. 100 सीसीची गाडी 65-70 ला आधीच बरीचशी पिळलेली असते, पुढे द्यायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. आपण ओढतोय आणि ट्रॉली संपत नाही, ही अवस्था फार वाईट. 125 ते 160 सीसीच्या गाडीत हाताखाली थोडं शिल्लक राहतं.

आता ब्रेक, आणि यात मी अजिबात तडजोड करत नाही. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल 2019 पासून. 125 किंवा त्याखालच्या गाड्यांना कंपनी एबीएसऐवजी सीबीएस देऊ शकते. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक अडकू देत नाही. फरक कुठे कळतो? पहिल्या पावसाच्या सरीत. चार महिन्यांची धूळ, सांडलेलं ऑइल, वर शिंतोडे, रस्त्यावर साबण पसरल्यासारखं होतं. समोर अचानक कुत्रं आलं, घाबरून पुढचा ब्रेक पूर्ण दाबला, चाक अडकलं की गाडी क्षणात आडवी. माणसाला विचार करायला वेळच मिळत नाही. एबीएस असेल तर लिव्हरमध्ये थरथर जाणवते, चाक फिरत राहतं आणि गाडी सरळ थांबते. नवशिका घाबरून ब्रेक दाबणारच, आणि त्याच्यासाठीच ही गोष्ट आहे.

आपल्याकडे शिकवताना एक फार चुकीची गोष्ट सांगतात, ती इथेच काढून टाकतो. "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील." ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करतं. नुसत्या पायाच्या ब्रेकवर विसंबलात तर गाडी लांबपर्यंत घसरत जाते. पुढचा ब्रेक वापरायचा, पण झटका न देता, लिंबू पिळताना हात जसा हळूहळू घट्ट होतो तसा. हँडल सरळ असताना. माझ्या दारात त्या मुलीचं चुकलं ते हँडल वळलेलं असताना दाबला म्हणून. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात 20 च्या वेगानं येऊन थांबायचं, मग 30, मग 40. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे तिथे चुन्याच्या रेघा मारून बघा, आयुष्यभर लक्षात राहील.

तर माझी निवड. पहिली पसंती यामाहा एफझेड-एस किंवा होंडा युनिकॉर्न. एफझेड 149 सीसी, 136 किलोंच्या आसपास, सीट 790 मिलिमीटर. युनिकॉर्न 162 सीसीची, साधारण 140 किलो, सीट 798. दोन्हींना पुढच्या चाकाला एबीएस आहे. एफझेड खालच्या वेगात फार आज्ञाधारक, दुसऱ्या गिअरात चालत्या माणसाच्या वेगानं न्या, कुरकुर करत नाही, आणि शिकणाऱ्याला हाच गुण हवा. युनिकॉर्नचं इंजिन मऊ, सीट लांब, दोघांना बसायला छान, पण तुमच्या उंचीला सीट थोडी उंच पडेल. इंजिन थोडं लहान हवं असेल तर हीरोची एक्स्ट्रीम 125 आर बघा, मात्र एबीएसवालं मॉडेल मागा, त्याच नावात एबीएस नसलेलंही मिळतं. पल्सर एन 160 ला दोन्ही चाकांना एबीएस मिळतं, गाडी उत्तम आहे, पण 150 च्या वर वजन जातं. तुमच्यासाठी मी ती दुसऱ्या फळीत ठेवीन.

एक गोष्ट तुम्हाला शोरूममधला मुलगा सांगणार नाही. तुम्ही कामावर पंजाबी ड्रेस घालत असाल तर ओढणीचा विचार करा. बहुतेक साध्या 100-125 च्या गाड्यांना चेन पूर्ण झाकलेली असते. 150 च्या पुढे बऱ्याच गाड्यांची चेन उघडी, वर नुसती एक पट्टी. ओढणीचं टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं की मान ओढली जाते. हे मी पाहिलंय आणि पुन्हा पाहायचं नाहीये. ओढणी घरून बॅगेत न्या, किंवा आत पूर्ण खोचून वर जाकिटाची चेन लावा. मागे कुणी साडी नेसून बसणार असेल तर साडी गार्ड काढून टाकायला कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

पैशाचं पटकन सांगतो. दीड लाखातले निदान 12,000 आधीच बाजूला काढा, ते गाडीचे नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या भावाचं कोटेशन कुणी दाखवलं तर बदलून मागा. ऑन रोड किमतीत कर, नोंदणी आणि विमा येतो. त्यात "हँडलिंग" नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेता येतो आणि तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. पहिली दोन वर्षं झिरो डेप, म्हणजे भागांच्या झिजेचे पैसे न कापणारा विमा घ्या, लिव्हर-इंडिकेटर बदलावे लागणारच आहेत.

त्या 12,000 मध्ये पहिलं हेल्मेट. आयएसआयचा शिक्का आणि त्यावर आयएस 4151 हा क्रमांक बघा. घालून बघताना केस रोज जसे बांधता तसेच बांधून जा. अंबाडा वर असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि कपाळावर उतरतं, दुकानात मोकळ्या केसांवर नीट बसलेलं हेल्मेट सोमवारी बसत नाही. मानेवर खाली वेणी घालणं सर्वांत बरं. पट्टा लावून, मागून हात घालून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघालं तर तो साइझ तुमचा नाही. गाल जरा दाबले गेले पाहिजेत, महिन्याभरात आतला स्पंज सैल होतो. नंतर हातमोजे, कारण पडताना माणूस पहिला तळहात टेकतो. आणि घोटा झाकणारे बूट.

जुनी गाडी घ्यायचीच ठरली तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट पहिली गाडी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर ओरखड्याचं दुःख कमी होतं. सकाळी न कळवता जा. किल्ली लावायच्या आधी इंजिनवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर मालकानं तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्टला काहीतरी त्रास आहे. चालू केल्यावर मागे निळा धूर आला तर ऑइल जळतंय. मेन स्टँडवर घेऊन कुणाला तरी मागचं वजन दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल एका बोटानं सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग गेलंय, अशी गाडी सरळ रस्त्यावर पोहते. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर, चेन मागच्या बाजूनं बोटांनी ओढा, अर्धा दात उघडा दिसला तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च धरा. मीटरवर 15,000 लिहिलंय आणि ब्रेकच्या पायडलची जाळी झिजून गुळगुळीत झालीय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

कागद बघताना एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आधीच्या मालकांची संख्या, विमा, पीयूसी आणि बाकी असलेली ई-चलनं बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका, बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात हवा. ट्रान्सफरचे फॉर्म 29 आणि 30 सही करून घ्या आणि गाडी लगेच नावावर करा. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर तिला एचएसआरपी प्लेट बसवलीय का तेही पाहून घ्या.

नवी घेतलीत तर डिलिव्हरीच्या दिवसाबद्दल एवढंच. नारळ फुटेल, चाकाखाली लिंबू ठेवाल, पेढे वाटाल, सगळं छान. निघण्याआधी क्लच आणि ब्रेकचे लिव्हर तुमच्या हाताच्या मापाचे करून घ्या. बोटं सरळ केल्यावर पहिल्या पेराची घडी लिव्हरवर आली पाहिजे, आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ राहिलं पाहिजे. शोरूमचा मेकॅनिक पान्यानं 2 मिनिटांत करून देतो, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही. टायरमधली हवा मोजा. गोदामात उभ्या गाड्यांत ती कमी-जास्त असते, योग्य आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले 100-150 किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायची घाई होईल, ती महिनाभर थांबू द्या. आणि शोरूमपासून घरापर्यंत बाबांना मागे बसवू नका. त्यांना त्यांच्या गाडीवर पुढे जाऊ दे, तुम्ही त्यांच्या मागे 30-40 च्या वेगानं या.